शाळेच्या वाफ्यावरून सगळे विषय: ठाणे आणि नवी मुंबईतल्या शिक्षकांचे नेहमीचे प्रश्न

शाळेत भाजीचे वाफे करायचे आणि त्यांवर कार्यानुभवाच्या तासाबरोबर गणित, विज्ञान, इतिहास, भाषा हे सगळंच शिकवायचं, असं म्हटलं की शिक्षकखोलीत पुढचे प्रश्न फिरून फिरून येतात. उत्तरं देताना इथला पाऊस, इथली माती आणि राज्य मंडळाच्या शाळांचं वेळापत्रक डोळ्यांपुढे ठेवलं आहे.

आमच्याकडे परसबाग आहेच. आणखी वेगळं काय करायचं?

केंद्र सरकारने 2019 मध्ये शाळांतल्या पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ताटात ताजी भाजी यावी, हा त्यांचा मुख्य रोख. प्रत्यक्षात बऱ्याच शाळांत बाग शिपाईमामा सांभाळतात, मुलं ती कुंपणाबाहेरून बघतात आणि तपासणीच्या दिवशी फोटो निघतात. तुमची बाग यात कुठे बसते हे ओळखायचं असेल तर एवढंच बघा: वाफ्यावर जाताना मुलांच्या हातात वही, पेन्सिल आणि मोजपट्टी असते का? आमचं मत विचाराल तर शेत लहान ठेवावं आणि नोंदवही मोठी. तीन मीटर लांबीचे दोन वाफे एका वर्गाला वर्षभर पुरतात. त्याहून जास्त केलं की खुरपणी शिक्षकांच्याच गळ्यात पडते आणि शिकवणं मागे राहतं.

हे परदेशी शाळांचं खूळ आपल्याकडे कशाला?

1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली. हाताच्या कामातून सगळे विषय शिकवायचे, हाच तिचा गाभा. अगदी शेजारचं उदाहरण हवं तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. 1945 मध्ये बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र उभं राहिलं, पुढे काम कोसबाडला गेलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणावर नेली गेली. आज तो भाग पालघर जिल्ह्यात मोडतो, पण 2014 पर्यंत ठाणे जिल्हाच होता. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तिथेही शेती, पशुपालन, सुतारकाम, वीजजोडणी करत करतच विज्ञान शिकवलं जातं. तेव्हा खूळ म्हणायचंच तर ते बऱ्यापैकी जुनं आणि इथलंच आहे.

पटांगण सगळं फरसबंद आहे. गच्चीवर वाफे करता येतील का?

येतील, पण आधी वजनाचा हिशोब करा, आणि तो मुलांकडूनच करवून घ्या. ओल्या मातीचा एक घनमीटर साधारण 1,600 ते 2,000 किलो भरतो. म्हणजे एक चौरस मीटर जागेवर फक्त 15 सेंटिमीटर मातीचा थर दिला तरी 240 ते 300 किलो झाले. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार आहे चौरस मीटरला सुमारे 150 किलो. सातवीच्या मुलांना ही दोन वाक्यं फळ्यावर लिहून द्या आणि गप्प बसा; घनफळाचा धडा आपोआप उभा राहतो.

उपाय आहे. माती कमी, कुजलेला पालापाचोळा आणि कोकोपीट जास्त, आणि क्रेट किंवा पिशव्या तुळयांच्या रेषेवर. तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी परवानगीशिवाय एकही क्रेट वर चढवू नका. गळणारी गच्ची असेल तर विषयच सोडा आणि व्हरांड्याच्या कडेला, उन्हाच्या बाजूला क्रेट लावा. दिवसाला पाच-सहा तास ऊन मिळालं की पुष्कळ होतं.

नवी मुंबईत आमची जागा भरावाची आहे. त्यात काही उगवेल?

वर मुरूम आणि डेब्रिज, खाली खाडीची खारी चिकणमाती, असं अनेक ठिकाणी निघतं. त्यावर 30 सेंटिमीटर उंचीचे वाफे करून बाहेरची माती आणि कंपोस्ट भरणं हा सोपा मार्ग. पण भरण्याआधी एक प्रयोग जरूर करा. एका कुंडीत जागेवरची माती, दुसरीत कंपोस्ट मिसळलेली चांगली माती, दोन्हींत वीस-वीस मेथीचे दाणे. आठवड्याभरात खारेपणाचा धडा दिसायला लागतो. पनवेलला कोकण कृषी विद्यापीठाचं खार जमीन संशोधन केंद्र आहे, खाऱ्या जमिनीत तग धरणारे भाताचे वाण तिथे तयार झाले आहेत. आठवी-नववीची सहल वॉटर पार्कऐवजी एकदा तिकडे न्यायला हरकत नाही.

ठाणे-बेलापूर किंवा घोडबंदर रस्त्याला लागून असलेल्या शाळांनी एक काळजी घ्यावी. शिसंयुक्त पेट्रोल 2000 मध्ये देशभर बंद झालं, पण त्याआधी रस्त्याकडेच्या मातीत बसलेलं शिसं आपोआप निघून जात नाही. जुन्या रंगाचे पापुद्रे पडणाऱ्या भिंतीखालच्या मातीचंही तेच. प्रयोगशाळेतून तपासणी होईपर्यंत तिथे पालेभाजी नको. बाहेरच्या मातीचे उंच वाफे करा आणि तेही रस्त्यापासून लांब.

कोणत्या महिन्यात काय लावायचं?

दोन हंगाम धरा. जूनच्या मध्यावर शाळा उघडली की लगेच भेंडी, चवळी, काकडी, दोडका, लाल भोपळा, अळू. आपल्याकडे जुलैच्या धारेत उघड्यावर पेरलेलं बी कुजतं किंवा वाहून जातं, म्हणून रोपं पत्र्याखाली पिशव्यांत तयार करा आणि जरा उघडीप मिळाली की लावा. दुसरा हंगाम दिवाळीच्या सुट्टीनंतर: मेथी, मुळा, पालक, कोथिंबीर, वाल, टोमॅटो. फेब्रुवारीअखेर काढणी संपली पाहिजे, कारण मार्चमध्ये वाफ्याकडे कोणी फिरकत नाही. पहिल्यांदाच करणाऱ्यांनी माठ आणि मुळ्यापासून सुरुवात करावी. माठ तीन-चार आठवड्यांत काढायला येतो, तोवर मुलांचा धीर सुटत नाही.

गणित खरंच शिकवता येतं, की मोजमाप एकदा केलं की संपलं?

गणिताला वाफ्याइतकी चांगली जागा शाळेत दुसरी नाही. मात्र "वाफ्याचं क्षेत्रफळ काढा" असं सांगून काही होत नाही, ते वहीतही काढता येतं. उत्तरावर काहीतरी अवलंबून असायला हवं.

आठ मीटर दोरी द्या आणि तिच्यात मावेल असा वाफा आखायला सांगा. कोणी 3 × 1 करतो, कोणी 2 × 2. परिमिती सारखीच, पण क्षेत्रफळ तीन चौरस मीटर आणि चार चौरस मीटर. मुलं अर्थातच चौरसाच्या बाजूने मत देतात. मग मधलं तण काढायला सांगा. हात पोहोचत नाही! पाचवीच्या मुलाचा हात एका बाजूने जेमतेम अर्धा मीटर आत जातो, म्हणून वाफा एक मीटरपेक्षा रुंद नको. परिमिती आणि क्षेत्रफळ यांतला गोंधळ अशा एका तासात जेवढा सुटतो, तेवढा पाच स्वाध्यायांत सुटत नाही.

तीन मीटरच्या ओळीत 30 सेंटिमीटर अंतराने भेंडी लावायची, तर रोपं दहा की अकरा? वर्गात दोन तट पडतात. भांडू द्या. दोन्ही टोकांना रोप लावायचं की नाही यावर उत्तर ठरतं, आणि हे त्यांचं त्यांनाच सापडलं पाहिजे.

शेकडेवारीसाठी धणे घ्या. मेथीचे पन्नास दाणे ओल्या फडक्यात ठेवले आणि त्रेचाळीस उगवले तर उगवण 86 टक्के, हे सरळ आहे. मग पन्नास अख्खे धणे पेरा आणि अंकुर मोजायला लावा. कधीकधी साठ-पासष्ट निघतात. उगवण शंभर टक्क्यांच्या वर कशी? पोरं पुन्हा मोजतात, एकमेकांवर चिडतात. अख्ख्या धण्यात दोन बिया असतात, हे चिमटीत धणा फोडल्यावर कळतं. म्हणूनच घरी आजी पेरण्याआधी धणे रगडून घेते. छेद कोणता धरायचा हा शेकडेवारीतला अवघड मुद्दा, आणि तो सहावीत सहज पोहोचतो.

पावसाचं गणितही सोडू नका. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. सरळ बाजूंची बाटली कापून पर्जन्यमापक करा, तळाच्या खळगीत शून्याच्या रेघेपर्यंत पाणी भरून घ्या. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर किती लिटर? अडीच लाख. आणि एप्रिलमध्ये झारीला पाणी नाही. यावर पुढे काय बोलायचं ते वर्गालाच ठरवू द्या.

विज्ञानात पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त काय मिळतं?

एक उदाहरण पुरेसं आहे, आणि ते दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळांसाठी खास आहे. लाल भोपळा, काकडी आणि घोसाळं यांची फुलं सकाळी उमलतात. दोडक्याची संध्याकाळकडे उमलतात. दुधीचीही तशीच, पांढरी, आणि त्यांवर रात्री पतंग येतात. म्हणजे सकाळच्या पाळीला भोपळ्यावरच्या मधमाश्या दिसतात आणि दोडक्याची नुसती मिटलेली फुलं. दुपारच्या पाळीला नेमकं उलटं. दोन्ही पाळ्यांनी एकाच वहीत नोंदी ठेवल्या तरच चित्र पूर्ण होतं. नर फूल कोणतं, मादी कोणतं, कोणाच्या मागे इवलंसं फळ आहे, हे सहावीतली मुलंसुद्धा दोन दिवसांत ओळखतात.

वालाचं एखादं रोप फुलोऱ्याच्या सुमारास मुळासकट उपटा. गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी निघालं, तर तिथले जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधण्याचं काम करत आहेत असं समजा. हिरवट किंवा करडी निघाली, तर काम थांबलेलं आहे.

दहावीला आनुवंशिकता शिकवताना मेंडेलचा वाटाणा ठाण्याच्या उकाड्यात नीट येत नाही. त्याऐवजी गुलबक्षी लावा. लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीच्या संकरातून गुलाबी फुलं येतात, अपूर्ण प्रभावितेचं हे नावाजलेलं उदाहरण आहे, आणि गुलबक्षी इथे कशीही वाढते. फुलं दुपारी चारच्या सुमारास उमलतात, तेव्हा सकाळच्या पाळीने हा प्रयोग दुसऱ्या पाळीकडे सोपवावा.

इतिहास आणि भूगोल ओढूनताणून आणल्यासारखे वाटत नाहीत का?

उलट, ठाण्यात ते पायाखालीच आहेत. मिरचीचा वाफा घ्या. मिरची, टोमॅटो, बटाटा, मका, पपई, पेरू, सीताफळ, लाल भोपळा, भुईमूग ही सगळी अमेरिका खंडातली मंडळी. 1500 च्या आधी इथल्या कोणत्याच चुलीवर नव्हती. पोर्तुगीजांच्या गलबतांतून यांतली बरीचशी आपल्या किनाऱ्यावर उतरली. 1534 मध्ये वसईचा मुलूख त्यांच्याकडे गेला, ठाणंही त्यात होतं. मराठ्यांनी 1737 मध्ये ठाण्याचा किल्ला घेतला. आज त्याच किल्ल्यात मध्यवर्ती कारागृह आहे आणि मुलं रोज रिक्षातून त्याच्या भिंतीशेजारून जातात. एका वाफ्यात "बाहेरून आलेल्या" आणि शेजारच्यात "इथल्या जुन्या" भाज्या लावा: वांगं, काकडी, मूग, तूर. चौथीला शिवकालाचा इतिहास शिकताना "त्या काळच्या मावळ्याच्या भाकरीबरोबर काय असेल?" हा प्रश्न टाकला, की पाटी पुसून पुन्हा लिहावी लागते.

नवी मुंबईतल्या शाळांसाठी तर वाफा म्हणजे थेट स्थानिक इतिहास. सिडको 1970 मध्ये स्थापन झाली, 95 गावांची जमीन नव्या शहरासाठी घेतली गेली. आज जिथे सेक्टर आहेत तिथे भाताची खाचरं आणि मिठागरं होती. घणसोली, कोपरखैरणे, दिवाळे, करावे इथल्या मुलांच्या घरी आवणी, म्हणजे भाताची लावणी, केलेले आजी-आजोबा अजून आहेत. त्यांना बोलवा. राब कसा भाजायचे (पालापाचोळा जाळून रोपांची जागा कशी तयार करायचे), रोप कधी काढायचे, खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध कसा घालायचे, हे ते सांगतात आणि क्रेटमध्ये भाताची लावणी करूनही दाखवतात. मुलांनी प्रश्न आधी लिहून ठेवावेत. जमीन गेल्याचा विषय निघाला तर बाईंनी तो घाईघाईने आवरता घेऊ नये. नागरिकशास्त्र म्हणतात ते हेच.

झारीतलं पाणी कुठून आलं, हा भूगोलाचा आणखी एक धागा. नवी मुंबईत बहुतेक ठिकाणी उत्तर मोरबे धरण, खालापूरच्या बाजूला, धावरी नदीवर. नकाशावर रेघ ओढून अंतर मोजता येतं.

पावसाळ्यात वाफ्यात टाकळा आपोआप उगवतो. उपटण्याआधी थांबा. हाच टाकळा येऊरच्या आदिवासी बायका ठाण्याच्या बाजारात जुड्या बांधून विकतात, कुर्डू, कंटोळी आणि शेवळांच्या शेजारी. तण कोणाला म्हणायचं? (शेवळं मुलांना चाखायला देऊ नका. नीट शिजवली नाहीत तर घसा खवखवतो, आणि ती शिजवणं जाणत्या हातांचं काम आहे. रानभाजी मुलांनी स्वतः तोडून खायची नाही, हा नियम कायम.)

मराठीच्या तासाला निबंध लिहून घ्यायचा का?

"शाळेच्या बागेचे मनोगत" कृपया नको. त्यापेक्षा पाणी घालणाऱ्या पुढच्या गटासाठी सूचना लिहायला सांगा. सूचना अपुरी असली की दुसऱ्या दिवशी रोप सुकलेलं दिसतं आणि लिहिणाऱ्याला आपोआप शेरा मिळतो. नक्षत्रांच्या म्हणी गोळा करायला लावा. साधारण 7-8 जूनला मृग लागतो, तिथपासून स्वातीपर्यंत घरच्या वडीलधाऱ्यांकडून जमा करायच्या. "पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती" बहुतेकांना मिळते. मघांवरच्या म्हणींत एक-दोन वर्गात मोठ्याने वाचण्याजोग्या नाहीत, त्याची तयारी ठेवा. मग आपल्या पर्जन्यमापकाच्या नोंदी आणि म्हणी शेजारी ठेवून बघा, कोणती खरी उतरली.

आणि इंग्रजी?

बियांच्या पाकिटावरचा मजकूर वाचणं, रोपाजवळची पाटी लिहिणं. एवढं बस. प्रत्येक विषय वाफ्यावर आणलाच पाहिजे असं नाही.

वर्गात पन्नास मुलं आहेत. एका वाफ्यावर कशी मावणार?

मावणार नाहीत, म्हणून एकदम नेऊ नका. अर्धा वर्ग बाहेर, अर्धा आत मागच्या आठवड्याच्या नोंदींवर आलेख काढतोय. पस्तीस मिनिटांच्या तासात मध्यावर अदलाबदल केली तर जिन्यातच वेळ जातो, म्हणून आठवड्याने बदला. बाहेर पाच-पाचांचे गट आणि प्रत्येकाला काम ठरलेलं: एक मोजणार, एक लिहिणार, एक चित्र काढणार, दोघं हाताने काम करणार. कामं फिरती ठेवा, नाहीतर खुरपं कायम मुलांकडे आणि वही कायम मुलींकडे जाते. हे बघता बघता होतं. दुसरा मोठा माणूस हवाच. शाळेतल्या मावशी किंवा वॉचमनकाका यांच्यापैकी कोणीतरी गावाकडे शेती केलेलं असतंच; त्यांना मदतनीस म्हणून नको, जाणकार म्हणून उभं करा.

अभ्यासक्रम कसा पुरा होणार? गुण कुठे द्यायचे?

वाफ्यावरचा तास हा त्या विषयाचाच तास असतो, जादा नाही. क्षेत्रफळ तिथे शिकवलं की वर्गात पुन्हा शिकवायचं नाही. हे मुख्याध्यापकांना आधी पटवा. आकारिक मूल्यमापनात निरीक्षण, प्रात्यक्षिक, प्रकल्प, उपक्रम यांना जागा आहेच. मुलाची नोंदवही हा त्याचा पुरावा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीदरम्यान दहा दप्तराविना दिवस सुचवले आहेत. ते सलग न घेता पेरणी, विरळणी, फुलोरा, काढणी असे वाटून घ्या.

पालक म्हणतात, "आम्ही पोरांना माती उपसायला पाठवलेलं नाही."

तक्रार रास्त आहे, आणि काही घरांत तिच्यामागे कष्टाच्या शेतीची आठवण असते. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत मुलांच्या वह्या दाखवा, भाषण नको. आणि दोन गोष्टी कटाक्षाने पाळा: शिक्षा म्हणून कोणालाही वाफ्यावर पाठवायचं नाही, आणि मैदान झाडणं, राडारोडा उचलणं अशी शाळेची कामं "शेती"च्या नावाखाली मुलांकडून करून घ्यायची नाहीत.

डास, लेप्टो, साप: जबाबदारी कोणाची?

शाळेची. म्हणून नियम भिंतीवर लावा. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. त्यामुळे आठवड्यातून एक ठरलेला वार कोरडा दिवस, कुंड्यांखालच्या ताटल्या, झाऱ्या, पिंप सगळं रिकामं करून घासायचं. लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे, जंतू उंदरांच्या मुतातून पाण्यात येतात आणि जखमेतून शरीरात शिरतात. पावसाळ्यात गमबूट आणि हातमोजे घातल्याशिवाय चिखलात जायचं नाही; हातापायाला जखम असलेलं मूल त्या दिवशी वहीवर बसेल. पालापाचोळ्याचा ढीग भिंतीपासून लांब ठेवा, हात घालण्याआधी काठीने हलवा. साप दिसला तर मुलं मागे घ्या आणि सर्पमित्रांना बोलवा. कोणाला चावलाच तर 108 वर फोन आणि थेट सरकारी रुग्णालय, मध्ये कुठेही थांबायचं नाही.

पावसाळ्यात मोठ्या गोगलगायी सगळी रोपं फस्त करतात.

ही आफ्रिकी गोगलगाय. अंधारात बाहेर पडते, म्हणून सकाळी रोपं गेलेली दिसतात आणि चोर दिसत नाही. उघड्या हाताने अजिबात उचलू नका, तिच्यात माणसाला बाधणारे कृमी असू शकतात. चिमट्याने उचलून मिठाच्या पाण्यात टाकणं हे मोठ्यांचं काम. मुलांनी रोजची संख्या आणि त्या दिवशीचा पाऊस यांचा आलेख काढावा.

भाजी कोणाची?

मुलांची, हे पहिल्या दिवशीच जाहीर करा. अनेक शाळांत पोषण आहार बाहेरून शिजून येतो, त्यामुळे भाजी सरळ पातेल्यात जात नाही. मुळा, काकडी, कोथिंबीर उकळून थंड केलेल्या पाण्याने नीट धुऊन कोशिंबीर करणं सोपं. जास्त निघालं तर शाळा सुटताना फाटकावर पालकांना विका. त्या दिवशीचा वाशीच्या एपीएमसीतला घाऊक भाव आणि कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याचा भाव मुलांनी आधी लिहून आणायचा. दोहोंमधला फरक कुठे जातो, यावर नववीचं अर्थशास्त्र चांगलं रंगतं.

मे महिन्यात काय करायचं?

काही नाही. वाफ्यांवर पाल्याचं जाड आच्छादन टाका आणि विश्रांती द्या. शेवगा, कढीपत्ता, गवती चहा तग धरतात. सुट्टीत पाणी घालायला कोणाला जुंपू नका.

पीकच गेलं तर?

नोंदी असतील तर तास वाया जात नाही. कधी पेरलं, किती पाऊस झाला, पान पहिल्यांदा कधी पिवळं पडलं, शेजारचा वाफा कसा होता, हे समोर ठेवून कारण शोधायला लावा. तपासणीच्या आदल्या दिवशी नर्सरीतून तयार रोपं आणून लावण्याचा मोह मात्र टाळा. मुलांच्या लगेच लक्षात येतं.

कोंबड्या पाळाव्यात का?

शहरातल्या शाळेत नको. सुट्ट्या, वास, शेजारच्या सोसायटीच्या तक्रारी आणि आजार हे सगळं निस्तरायला माणूस नसतो. गांडूळखताचा एक खड्डा करा, त्यावर पाचवी ते दहावी सगळ्यांना काम मिळतं.